आईचं स्वादुपिंड, भावाची शुगर

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी शिवाजी पेठेत राहते, पतसंस्थेत नोकरी करते. माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा आहे. अकराव्या वर्षापासून त्याला टाइप १ डायबेटिस आहे. सकाळी आणि रात्री जेवणाआधी ३०/७० चं इन्सुलिन घेतो. पेठेच्या टीमकडून फुटबॉल खेळतो. गेल्या वर्षभरात दोनदा तो पहाटे अंथरुणात बेशुद्ध सापडला. पहिल्यांदा अंग घामाने निथळत होतं, दातखीळ बसलेली. आईने चमच्याने दात उघडून साखरपाणी घातलं. मशीनवर ३१ आली होती. दुसऱ्यांदा रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं. आधी शुगर उतरली की त्याचे हात थरथरायचे, आता त्याला काहीच कळत नाही.

तेव्हापासून आई त्याला झोपताना तांब्याभर दूध पाजते आणि रात्रभर उशाशी बसते. स्वादुपिंड बदलता येतं असं तिने कुठंतरी ऐकलंय. ‘माझं अर्धं काढून त्याला द्या की, मला आता काय करायचंय त्याचं’ हेच रोज. तिची स्वतःची शुगर बॉर्डरवर आहे. त्यात काकांनी व्हॉट्सअॅपवर बातमी पाठवली, की चीनमध्ये एका मुलीचा डायबेटिस स्टेम सेलने गेला. बाबांनी लगेच एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकला फोन लावला. ते म्हणाले, पेशंटच्याच पोटातली चरबी काढतो, त्यातल्या पेशी परत सोडतो, स्वतःच्याच पेशी असल्याने नंतर औषधं लागत नाहीत. खर्च नऊ लाख, निम्मे आधी. बाबा पन्हाळ्याकडचा अर्धा एकर ऊस विकायला निघालेत. भाऊ कुणाशी बोलत नाही.

हे ऑपरेशन खरंच होतं का? आईचं चालेल का? जमीन विकू द्यायची का?

– एक बहीण, शिवाजी पेठ

*

बाबांनी अजून इसार घेतला नसेल, तर घेऊ नका म्हणावं. एवढं आज संध्याकाळीच त्यांना वाचून दाखव. बाकीचं रविवारी सगळे बसून वाचलंत तरी चालेल. तुला ‘तू’ म्हणते, चालेल ना?

तू तीन प्रश्न विचारलेस आणि चौथी गोष्ट जाता जाता सांगून टाकलीस: ‘आता त्याला काहीच कळत नाही’. मला सगळ्यात जास्त काळजी त्या वाक्याची वाटली. पण घरात सगळ्यांचं डोकं ऑपरेशनात अडकलंय, तेव्हा आधी तेच सोडवू.

ऑपरेशन होतं. आजचं नाही, १९६६ पासून होतंय. त्या वर्षी १७ डिसेंबरला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात विल्यम केली आणि रिचर्ड लिलेहाय या दोन सर्जननी २८ वर्षांच्या एका बाईला मूत्रपिंड आणि स्वादुपिंड एकदम बसवलं. ती बाई काही महिन्यांतच गेली, पण बसवलेलं स्वादुपिंड इन्सुलिन तयार करतं हे सिद्ध झालं. आज हे ऑपरेशन बरंच सुधारलंय. ब्रेनडेड दात्याचं स्वादुपिंड, त्याला चिकटलेल्या आतड्याच्या तुकड्यासकट, पेशंटच्या ओटीपोटात बहुतेक उजव्या बाजूला बसवतात आणि त्याच्या आतड्याला जोडतात. जुनं स्वादुपिंड काढत नाहीत, ते आपलं पचनाचं काम करत राहतं. सगळं नीट झालं तर पेशंट वॉर्डात असतानाच इन्सुलिन बंद होतं. चांगल्या केंद्रांत मूत्रपिंडासोबत बसवलेली दहातली नऊ स्वादुपिंडं वर्षभरानंतर चालू असतात, आणि त्यातली बरीच दहा वर्षांच्या पुढेही जातात.

आता दुसरी बाजू. पोटातलं कुठलंही ऑपरेशन मोठंच, पण स्वादुपिंड हा फार नाजूक अवयव आहे. हात लावला की सुजतो, त्याचा रस गळला तर आजूबाजूचं मांसच पचवायला लागतो. पहिल्या काही दिवसांत त्याच्या शिरेत गुठळी झाली तर तो काढून टाकावा लागतो. पुन्हा पोट उघडायची वेळ बऱ्याच जणांवर येते. आणि दुसऱ्याचा अवयव शरीराने हाकलून देऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज, ठरल्या वेळी, जन्मभर.

या गोळ्या म्हणजे काय हे आईला समजावं म्हणून एक प्रसंग सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं, शिरोलीजवळ रस्ता आठवडाभर बंद होता. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचं मूत्रपिंड बदललेलं. त्यांच्या गोळ्या पुण्याहून कुरियरने यायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, ‘मॅडम, पाकिटात चारच राहिल्यात.’ दिवसाला दोन लागायच्या. मग राजारामपुरीतल्या तशाच एका पेशंटने आपल्यातलं एक पाकीट काढून दिलं आणि त्यांचा मुलगा गुडघाभर पाण्यातून ते घेऊन गेला. इन्सुलिन माठात ठेवून पूर काढलेली घरं मला माहीत आहेत, आणि इन्सुलिन कुठल्याही गावात मिळतं. या गोळ्यांचं तसं नाही. डोस चुकला तर बसवलेला अवयव धोक्यात. डोस घेतला तर साध्या सर्दीचा न्यूमोनिया व्हायची भीती, पुढे काही कॅन्सरचा धोका वाढलेला. त्यातली टॅक्रोलिमस नावाची मुख्य गोळी मूत्रपिंडाला त्रास देते, आणि गंमत म्हणजे ती शुगरही वाढवते! डायबेटिस घालवायला बसवलेल्या अवयवाला वाचवणारी गोळी डायबेटिसला हात देते. वैद्यकात असले प्रकार पुष्कळ.

म्हणून हे ऑपरेशन मुख्यतः कुणाचं करतात, तर टाइप १ मुळे ज्याची मूत्रपिंडंही निकामी झालीत त्याचं. मूत्रपिंड बदलायचंच आहे, गोळ्या घ्यायच्याच आहेत, मग त्याच गोळ्यांच्या आसऱ्याने स्वादुपिंडही बसवून घ्या, असा तो हिशेब. मूत्रपिंड धड असलेल्या २२ वर्षांच्या पोराची सुई काढून त्याच्या हातात या गोळ्या देणं हा व्यवहार बहुतेक वेळा तोट्याचा. आपल्याकडे ही ऑपरेशनं होतात, चंदीगडच्या पीजीआयमध्ये, कोचीच्या अमृतामध्ये आणि आणखी काही केंद्रांत, पण मूत्रपिंड-यकृताच्या मानाने आकडा अगदी थोडा. कोल्हापूर अवयवदानाच्या पुणे विभागात येतं. उद्या खरंच गरज पडली तर मान्यता असलेल्या रुग्णालयामार्फत तिथल्या समितीच्या प्रतीक्षायादीत नाव लागतं. एजंटाकडून लागत नाही.

यातूनच एक हलका प्रकार निघाला, तो तुला सांगायलाच हवा, कारण तुझ्या भावाचा विषय त्याच्याशी थेट लागतो. स्वादुपिंड साधारण वीतभर लांब. त्यातला जवळपास सगळा भाग पाचकरस करतो. इन्सुलिन करणाऱ्या पेशी त्यात बेटांसारख्या विखुरलेल्या असतात, म्हणून त्यांचं नाव आयलेट. १८६९ साली लँगरहान्स नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने, तोही साधारण तुझ्या भावाच्याच वयाचा, सूक्ष्मदर्शकाखाली त्या पहिल्यांदा टिपल्या. त्यांचं काम काय ते त्यालाही कळलं नव्हतं. दहा लाखांच्या आसपास बेटं, आणि सगळ्यांचं मिळून वजन एक-दोन ग्रॅम. मग अख्खा अवयव कशाला बसवायचा? तेवढी बेटंच वेगळी काढा. दात्याचं स्वादुपिंड एका एन्झाइममध्ये विरघळवून, हलवून-गाळून ती वेगळी करतात आणि यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत सुईवाटे सोडतात. सलाइन चढवल्यासारखं. पोट फाडायला नको. बेटं यकृतात जाऊन रुजतात आणि तिथून इन्सुलिन सोडतात.

२००० साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात जणांवर हे केलं आणि सातही जणांचं इन्सुलिन बंद झालं. मी तेव्हा नुकती शिकून बाहेर पडले होते. आमच्यातल्या कितीतरी जणांना वाटलं, दहा वर्षांत सुया म्युझियममध्ये जाणार. मग हाच प्रयोग ९ केंद्रांत मिळून ३६ जणांवर झाला, त्याचे आकडे २००६ मध्ये आले. वर्षभराने १६ जण इन्सुलिनशिवाय होते. दोन वर्षांनी उरले ५. सोडलेल्या बेटांतली बरीच पहिल्या काही दिवसांतच मरतात, एका दात्याची पुरत नाहीत, दोन-तीन दात्यांची लागतात, आणि गोळ्या आहेतच.

पण त्याच आकड्यांत एक गोष्ट होती, ती बातम्यांत आली नाही. ज्यांचं इन्सुलिन परत सुरू झालं, पण थोडी बेटं जिवंत राहिली, त्यांचं झोपेत बेशुद्ध पडणं थांबलं. थोडं का होईना, शरीर स्वतः शुगर बघून इन्सुलिन कमी-जास्त करायला लागलं होतं. म्हणून आज जिथे हा उपचार होतो तिथे तो ‘सुई सुटावी’ म्हणून करत नाहीत. वारंवार शुगर उतरून जीव धोक्यात येतो आणि बाकी सगळं करूनही थांबत नाही, अशांसाठी करतात. अमेरिकेत जून २०२३ मध्ये लँटिड्रा नावाने याला मान्यता मिळाली, तीही अशाच प्रौढांसाठी. त्याच्या चाचणीतल्या ३० जणांपैकी २१ जण वर्षभर किंवा जास्त इन्सुलिनशिवाय राहिले, ५ जणांना एकही दिवस सुटका मिळाली नाही. आपल्याकडे हा उपचार अजून नेहमीच्या व्यवहारात आलेला नाही.

म्हणजे तुझा भाऊ या रांगेच्या दारापर्यंत येऊ शकतो. पण ‘बाकी सगळं करूनही’ या तीन शब्दांवर सगळं अडलंय, आणि तुझं पत्र वाचून मला ठामपणे वाटतं, की त्याच्या बाबतीत बाकीचं अजून झालेलंच नाही. त्यावर येते. आधी आई.

आईला सांग, की तिच्यासारखी आई जगात एकटी नाही. जानेवारी २००५ मध्ये जपानमध्ये क्योतोला ५६ वर्षांच्या एका आईने आपल्या स्वादुपिंडाचा तुकडा दिला, त्यातली बेटं काढून २७ वर्षांच्या मुलीच्या यकृतात सोडली आणि बाविसाव्या दिवशी मुलीचं इन्सुलिन बंद झालं. हे ऐकून ती लगेच पदर खोचेल, म्हणून पुढचंही लगेच सांग. त्या मुलीचा डायबेटिस तुझ्या भावासारखा नव्हता. तिचं स्वादुपिंड जुनाट सुजेने खराब झालं होतं. आणि त्या आईची शुगर ठणठणीत होती. अर्धं स्वादुपिंड दिलेल्या काही निरोगी माणसांना पुढे स्वतःला डायबेटिस झालेला आहे. ज्या बाईची शुगर आधीच बॉर्डरवर आहे तिला कुठलाही शहाणा सर्जन टेबलावर घेणार नाही. कायद्याने आई ही जवळची नातेवाईक, कायदा आडवा येत नाही. आडवी येते ती तिचीच शुगर. एक घर, दोन इन्सुलिनचे पेन, आणि मुलाचं दुखणं जिथल्या तिथे.

कारण टाइप १ म्हणजे स्वादुपिंड ‘खराब’ होणं नव्हे. शरीराचीच पहारेकरी यंत्रणा इन्सुलिनच्या पेशींना शत्रू समजून मारते. पेशी गेल्या, पहारेकरी तिथेच आहेत. मिनेसोटातच काही वर्षांनी जुळ्या भावंडांवर ऑपरेशनं झाली, अगदी एकसारखी जुळी. एकाला टाइप १, दुसरा निरोगी. निरोगी जुळ्याने अर्धं स्वादुपिंड दिलं. दोघांचं शरीर एकच असल्यासारखं, त्यामुळे अवयव परका म्हणून हाकलायचा प्रश्नच नव्हता, गोळ्याही जवळजवळ दिल्या नाहीत. झालं काय? शरीराने अवयव हाकलला नाही, पण त्यातल्या इन्सुलिनच्या पेशी तेवढ्या शोधून मारल्या. काही आठवड्या-महिन्यांत शुगर परत वर.

ही जुळ्यांची गोष्ट बाबांना दोनदा वाचून दाखव. क्लिनिकवाल्याचं ‘स्वतःच्याच पेशी, त्यामुळे औषधं लागत नाहीत’ हे वाक्य तिच्यापुढे टिकत नाही. स्वतःच्याच पेशी तर तुझ्या भावाच्या शरीराने अकराव्या वर्षी मारल्या ना?

चीनची बातमी खोटी नाही. काकांनी अर्धी पाठवली, एवढंच. तिएनजिनमधली ती पंचवीस वर्षांची मुलगी. तिच्या चरबीतल्या पेशी घेतल्या हे खरं, पण त्या प्रयोगशाळेत रसायनांनी मागे नेऊन अगदी गर्भातल्या पेशींसारख्या केल्या, मग त्यांना वाढवत वाढवत इन्सुलिनची बेटं बनवली आणि जून २०२३ मध्ये पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली ठेवली. अडीच महिन्यांनी तिचं इन्सुलिन सुटलं. क्लिनिकवाला चरबी काढतो, यंत्रात फिरवतो आणि दुपारी परत टोचतो. ज्वारी दळून तिला बासमती म्हणण्यातला प्रकार. आणि त्या मुलीचं यकृत आधीच बदललेलं होतं, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या तिला चालूच होत्या. तेव्हा ‘गोळ्यांशिवाय’ हे तिच्यावरून सिद्ध झालेलं नाही.

खरं काम पुढे सरकतंय, हेही सांगते, नाहीतर तू मला जुनाट म्हणशील. व्हर्टेक्स कंपनीने प्रयोगशाळेत वाढवलेली बेटं १२ जणांना पूर्ण मात्रेत दिली, वर्षभराने १० जण इन्सुलिनशिवाय होते, हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. दात्यासाठी थांबायची गरज यात संपते, गोळ्यांची नाही. स्वीडनमध्ये उप्सालाला जनुकं बदललेली बेटं एका माणसाच्या हाताच्या स्नायूत ठेवली, गोळ्या अजिबात न देता, आणि पहारेकऱ्यांनी त्यांना सोडून दिलं. मात्रा कमी होती, त्यामुळे इन्सुलिन सुटलं नाही. मला स्वतःला या सगळ्यात तो एक माणूस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भाऊ बावीसचा आहे, त्याच्यासमोर हे सगळं घडणार आहे. ते दार उघडेल तेव्हा त्याचे डोळे आणि मूत्रपिंड शाबूत असायला हवेत.

आपल्या देशात डायबेटिससाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो फक्त नोंदणीकृत चाचणीत देता येतो, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. अशा चाचण्यांची जी सरकारी नोंदवही आहे तिला सीटीआरआय म्हणतात. बाबांनी फोन करून एवढंच विचारावं: ‘सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक द्या, आणि चाचणी असेल तर नऊ लाख कसले?’ काय उत्तर येतं ते मला कळव, मलाही उत्सुकता आहे. इचलकरंजीचा एक यंत्रमागवाला असंच कुठंतरी जाऊन आला होता. तिथल्यांनी इन्सुलिन आधी निम्मं केलं, मग बंद. बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी त्याला माझ्याकडे आणलं. श्वास धापा टाकल्यासारखा, तोंडाला पिकलेल्या फळाचा वास, आणि बायकोच्या काखेत सोनेरी अक्षरांची फाइल. तो वाचला. माग विकलेले परत आले नाहीत.

आता तुझ्या चौथ्या गोष्टीकडे.

३०/७० चं इन्सुलिन म्हणजे एका बाटलीत दोन जाती: ३० टक्के लवकर काम करणारी, ७० टक्के सावकाश. रात्री आठ-साडेआठला घेतलं की त्यातल्या सावकाश भागाचा जोर मध्यरात्रीनंतर, एक ते तीनच्या आसपास चढतो. नेमकं तेव्हा पोट रिकामं. त्यात संध्याकाळी मैदानावर पळालेल्या पायांचे स्नायू रात्रभर रक्तातली साखर ओढत असतात, खेळ संपल्यावरही कितीतरी तास. दोन्ही एकाच वेळी. दोन्ही वेळा बेशुद्ध पडला त्याच्या आदल्या संध्याकाळी मॅच किंवा प्रॅक्टिस होती का, हे आठवून बघ. माझी पैज आहे, होती.

यावर उपाय स्वादुपिंड नव्हे, इन्सुलिनची जात बदलणं हा आहे. दिवसातून एकदा लांब पल्ल्याचं, ग्लार्जिन किंवा डेग्लुडेक, जे दिवसभर एकसारखं चालतं, आणि प्रत्येक जेवणाआधी झटपट काम करणारं. चार सुया ऐकून भाऊ तोंड वाकडं करेल. करू दे. खेळाच्या दिवशी डोस किती कमी करायचा, मध्ये काय खायचं, हे त्याने डॉक्टरांसमोर बसून शिकायचं. तुम्ही मनाने काही बदलू नका, पण या आठवड्यातच टाइप १ ची मुलं नेहमी बघणाऱ्या डॉक्टरकडे जा. थायरॉइड, अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणि गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतात तो सिलियाक आजार, हे तिन्ही तपासा म्हणावं. टाइप १ वाल्यांत हे सोबत येतात आणि शेवटच्या दोन्हींनी शुगर उगाच उतरते.

आणखी एक, घरच्या घरी. आंघोळीनंतर त्याला खिडकीपाशी उभं करून पोटावरून बोटांची टोकं हळू फिरव. बेंबीच्या आजूबाजूला मऊ, लोण्याच्या गोळ्यासारखा उंचवटा लागतो का बघ. अकरा वर्षं त्याच जागी सुई टोचली की तशा गाठी होतात. तिथे दुखत नाही, म्हणून पोरं तिथेच टोचतात. त्या गाठीतून इन्सुलिन आज निम्मं लागतं, उद्या एकदम. ओपीडीत मी आधी शर्ट वर करायला सांगते आणि नंतर फाइल उघडते. गाठ सापडली तर जागा बदलायची, पण नव्या जागेतून इन्सुलिन पुरेपूर लागतं, म्हणून डोस आधी कमी करून घ्यायचा. हे विसरलात तर तिसरी पहाट उजाडेल.

‘काहीच कळत नाही’ याचं असं आहे. शुगर उतरली की थरथर, घाम, धडधड ही शरीराची घंटा. वारंवार उतरली की घंटा वाजेनाशी होते. पण ती कायमची मोडत नाही. काही आठवडे शुगर एकदाही ७० च्या खाली जाऊ दिली नाही, तर पुष्कळांची घंटा परत वाजायला लागते. त्यासाठी डॉक्टर काही काळ शुगर मुद्दाम थोडी वर ठेवतील, घाबरू नका. या काळात दंडाला लावायचा सेन्सर घ्या. एक सेन्सर साधारण दोन आठवडे चालतो, शुगर खाली जायला लागली की मोबाइल कोकलतो, आईचाही. स्वस्त नाही. पण जमिनीचा विषय निघालाच आहे, तर नऊ लाखांत किती वर्षांचे सेन्सर येतात याचा हिशेब तू पतसंस्थेत बसून चांगला करशील.

आईने चमच्याने दात उघडून साखरपाणी घातलं हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं, घरात ग्लुकागॉनचं, म्हणजे शुगर चढवणारं, इंजेक्शन असेल तर मांडीत द्यायचं, आणि थेट दवाखाना. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मशीन. पेढा नको, चॉकलेट नको, दूध तर नकोच. गंगावेशीतल्या धारोष्ण दुधावर आपल्या तालमी उभ्या राहिल्या असतील, पण उतरलेली शुगर त्याने वेळेत वर येत नाही. ते सावकाश पचतं.

मूत्रपिंडासाठी लघवीतला अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, आणि डोळ्यांचा पडदा, हे तिन्ही वर्षातून एकदा तपासायचं. अकरा वर्षं झालीत, राहिलं असेल तर आत्ताच करा. हे सगळं नीट करून सहा-आठ महिन्यांनीही तो बेशुद्ध पडत असेल, किंवा मूत्रपिंडाचा रिपोर्ट बिघडायला लागला, तर मला परत लिही. मग आपण खरोखर प्रत्यारोपणाबद्दल बोलू, आणि कुठल्या केंद्रात जायचं ते मी सांगेन.

फुटबॉल बंद करू नका. तो बोलत नाही म्हणतेस, त्याचं कारण मला तरी हेच वाटतं: घरात त्याच्या पोटावर, आईच्या पोटावर आणि बाबांच्या जमिनीवर चर्चा चाललीय आणि त्याला कुणी विचारलेलं नाही. टीममधल्या एका तरी पोराला साखरेच्या पुड्या कुठल्या कप्प्यात असतात ते माहीत हवं.

आणि सेन्सर येईपर्यंत रात्रीची ड्युटी वाटून घ्या. आईने उशाशी बसायची गरज नाही. मोबाइलवर तीनचा गजर लावायचा, मशीन लावायचं, आकडा वहीत लिहायचा, झोपायचं. एक दिवस तू, एक दिवस बाबा. पुढच्या मॅचनंतरच्या तीन रात्रींचे आकडे आणि आदल्या संध्याकाळचा डोस मला पाठव.